आडनाव विचारून केळी घ्यायची का?

वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

पत्र : सांगली

आदरणीय बाई, सा. न. वि. वि. आमच्या अपार्टमेंटमधल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. दर मंगळवारी बसतो. घटस्थापनेच्या आधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला, की उपवासाची फळं, ओटीचं सामान आणि बांगड्या 'आपल्याच' माणसांकडून घ्या, गाडीवाल्याला आधी नाव विचारा. मी लिहिलं, "हे मला पटत नाही." तेवढंच. लगेच दोघींचे फोन आले. एक म्हणाली, "तू एवढं देवाचं करतेस आणि असं बोलतेस?" यजमान म्हणाले, कशाला मध्ये पडतेस, ग्रुप म्यूट कर. माझा फळवाला बागवान आहे, मुसलमान. एकादशीला माझ्यासाठी केळी बाजूला काढून ठेवतो. सासरे आजारी होते तेव्हा शहाळी घरपोच आणून द्यायचा, पैसे नंतर सवडीने घ्यायचा. मला भांडण नको. पण हे आपल्या धर्मात बसतं का? ग्रुप सोडून देऊ का? (नाव छापू नये.)

उत्तर

ताई, नाव छापलेलं नाही आणि अपार्टमेंट ओळखू येईल असा मजकूरही काढून टाकला आहे.

आधी स्वतःबद्दल सांगते. सकाळचा जप झाल्याशिवाय मी चहा घेत नाही. गोंदवल्याला जाते. घरात घट बसतात, कडाकणी होतात. तुम्हाला फोन करणाऱ्या बाईंनी पहिला बोल लावला तो देवाचं करण्यावरूनच, म्हणून हे सांगावं लागतं. देवाचं करणारी बाईच हे उत्तर देते आहे.

तुमच्या घटापाशी काय काय मांडलेलं असतं ते बघा. कुंकू, बुक्का, अष्टगंध, वासाचं तेल विकण्याचा धंदा आपल्या भागात पिढ्यानपिढ्या आतारांचा. विड्याची पानं तांबोळ्याकडची. गावोगाव हिंडून बांगड्या भरणारा बऱ्याच ठिकाणी मणेर असायचा. गादीतला कापूस पिंजाऱ्याने पिंजलेला, विळीची धार शिकलगाराने लावलेली. तुमच्या मंडळातला तंबोरा मिरजेहून आणलेला असेल, तर तो तिथल्या सतारमेकरांच्या हातचा असण्याचाच संभव जास्त. माझं बालपण खटाव तालुक्यात गेलं आणि नोकरी कराड-पाटणच्या बाजूला. वर्गात हजेरी घेताना आतार, बागवान, मुलाणी ही मुसलमान आडनावं पवार-जाधवांच्या मध्येच यायची. गावच्या जत्रेत देवाच्या नावाने बकरं पडायचं, तेव्हा सुरी मुलाण्याच्या हातात असायची. तो बलुतेदार होता आणि त्याचा वाटा ठरलेला होता. त्या जुन्या गावगाड्याचं मला कौतुक नाही, कारण त्याच गावगाड्याने महारवाडा वेशीबाहेर ठेवला होता. पण ओटीचं सामान कुणाच्या दुकानातलं, असं आमच्या घरात कधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही. आमची आजी सोवळ्याची कडक होती, तिनेही विचारलं नाही.

आता मात्र हा विचार रीतसर पसरवला जातो आहे. मार्च २०२५ मध्ये झटका, म्हणजे एका घावात कापलेल्या मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' नावाचं प्रमाणपत्र आपल्या राज्यात सुरू झालं, ते फक्त हिंदू दुकानदारांसाठी. नाव कुणाचं, तर खंडोबाचं! ज्या खंडोबाला त्याचे मुसलमान भक्त मल्लूखान म्हणतात, त्याचं. त्याच्या आधीच्या महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकान लावू द्यायचं नाही असा ठराव केला होता. गटविकास अधिकाऱ्यांनी तो नियमबाह्य ठरवला. तुमच्या ग्रुपवरचा मेसेज याच माळेतला आहे. ज्या बाईंनी तो पुढे पाठवला, त्यांना बहुधा एवढं ठाऊकही नसेल.

हे धर्मात बसतं का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर स्पष्ट आहे : नाही. उपवास करायचा तो स्वतःच्या जिभेवर ताबा यावा म्हणून. तो उपवास दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतायला वापरला, तर देवीच्या पदरात आपण काय घातलं? फळाची गाडी लावणाऱ्याचा रोजचा गल्ला संध्याकाळी घरी जातो आणि त्यातून दुसऱ्या दिवशीचा माल येतो. नवरात्रातले नऊ दिवस म्हणजे त्याचा वर्षातला मोठा धंदा. तो धंदा बसवायचं ठरवून आपण आरतीला उभ्या राहणार असू, तर ती आरती मला म्हणवणार नाही.

एक गोष्ट मात्र जपा. मंडळात बोलताना "आमचा बागवान किती चांगला आहे, त्याने शहाळी आणून दिली" एवढ्यावरच थांबू नका. ते खरं आहे, ते सांगाच. पण त्याने शहाळी आणून दिली नसती, तो तुसडा असता, केळी जरा महाग लावत असता, तरी धर्मामुळे त्याचं गिऱ्हाईक तोडणं अन्यायच ठरलं असतं. आपल्या जातीधर्माचा खडूस दुकानदार आपण चालवून घेतोच ना? मग दुसऱ्याने चांगुलपणाचा दाखला दिल्याशिवाय त्याच्याकडून केळी घ्यायची नाहीत, ही अट कुठून आली?

ग्रुप सोडू नका, म्यूटही करू नका. तुम्ही बाहेर पडलात की त्या ग्रुपवर "हे पटत नाही" म्हणणारं कुणीच उरणार नाही आणि पुढचा मेसेज याहून वाईट असेल. पण ग्रुपवर वादही घालू नका. लिहून कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. लिहिण्यात आवाज नसतो, डोळे नसतात, आणि बाकीच्या तीस जणी बघत असतात म्हणून कुणी माघार घेत नाही. मंडळात ज्यांचा शब्द चालतो अशा वडीलधाऱ्या बाईंच्या घरी जा. एकट्या जा. "काकू, हा ग्रुप आपण भजनाच्या वेळा आणि अभंग पाठवायला काढला होता, तेवढंच त्यावर ठेवू या का?" असं विचारा. माझा अनुभव असा, की निम्म्या जणींना तुमच्यासारखंच वाटत असतं. फक्त आधी कुणीतरी तोंड उघडावं, याची त्या वाट बघत असतात.

यजमानांना कायद्याची भीती वाटत असेल तर त्यांना सांगा, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनलाही निव्वळ ॲडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. दोन धर्मांत तेढ वाढवणारा मजकूर स्वतः लिहिणं आणि पसरवणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा ठरू शकतं. पण शेजारणीवर लगेच कलम काढू नका. त्यांच्या घरी जाऊन बोलणं आधी.

आणि मंगळवारच्या भजनाला जरूर जा. ते मंडळ तुमचंही आहे.

पत्र : कडेगाव तालुका

माझ्या सासूबाईंचा पिराला नवस होता, म्हणून आम्ही मोहरमला चोंगे (गोड पुऱ्या) करून नेतो. माझ्या नवऱ्याला लहानपणी नवसापोटी मोहरमचा फकीर केलं होतं. यंदा मुलगा म्हणतो, "हे बंद करा, मित्र हसतात, आपण हिंदू आहोत." काय करू?

उत्तर

चोंगे करा आणि घेऊन जा. मुलावर सक्ती करू नका. सासूबाईंचा नवस त्याने फेडायलाच हवा असं नाही, आणि त्याच्या मित्रांच्या हसण्यामुळे तुम्ही तो मोडायलाही नको. तुमच्या कडेगावचे उंच उंच ताबूत बघायला लांबून लोक येतात, आणि त्यातल्या काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. त्या घराण्यांतलं कुणी त्यामुळे कमी हिंदू झालेलं नाही. आज्जी फकीर का करायची, त्या वेळी घरात कोण आजारी होतं, कोण जगलं, ही हकीकत मुलाला सांगा. ती त्याला कुणी सांगितलेलीच नसेल.

पत्र : कराड

बाई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई तुमचं सदर वाचते, म्हणून मीही वाचतो. तुम्ही दर वेळी हिंदूंनाच शिकवता. आपला धर्म मुळातच सहिष्णू आहे, नाहीतर इथे इतके धर्म टिकले असते का? आपल्या महाराजांची विटंबना करणारे स्टेटस ठेवतात, ते चालतं का? त्यांच्यात सुधारणेचं कुणी बोलतं का? आणि आपल्याकडे एकोपा आहेच. गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, ते तुम्हाला दिसत नाही?

उत्तर

बाळा, तू रागाने का होईना पण लिहिलंस, याचा आनंद झाला.

स्टेटसचं आधी. महाराजांची विटंबना करणारा मजकूर टाकणं वाईटच, आणि ज्याने टाकला त्याला पोलिसांनी पकडावं. यात माझं-तुझं दुमत नाही. पण पुसेसावळीत काय झालं, आठव. १० सप्टेंबर २०२३ ची रात्र. निमित्त समाजमाध्यमावरच्या मजकुराचं. जमाव मशिदीवर चालून गेला, दुकानं आणि गाड्या जाळल्या, एका मुसलमान तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. माझं माहेर त्याच खटाव तालुक्यातलं. मजकूर कुणाच्या तरी खात्यावरचा आणि शिक्षा मशिदीत सापडलेल्यांना, हा कुठला न्याय? तुझ्या कॉलेजमधल्या एका मुलाने चोरी केली म्हणून तुमच्या अख्ख्या वर्गाला झोडपलं, तर तू काय म्हणशील?

गोटखिंडी मला दिसते, नक्की दिसते. वाळवा तालुक्यातल्या त्या गावात चाळीसहून अधिक वर्षं गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद गणपतीच्या दिवसांत आली, तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी टाळली. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाची असते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे गवई हजेरी लावतात. हे सगळं खरं आहे. आणि त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात अफजलखान वधाचं चित्र असलेल्या कमानीवरून दंगल पेटली, हेही तितकंच खरं आहे. दर्गा तिथेच होता, उरूस भरत होता, गलेफ चढत होता. ती परंपरा त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही.

म्हणून गोटखिंडीचं नाव ढालीसारखं पुढे केलेलं मला सहन होत नाही. गोटखिंडीचे लोक दर वर्षी ते घडवतात. आरतीची वेळ, नमाजाची वेळ, मांडव कुठवर घालायचा, वर्गणीचा हिशेब कुणी ठेवायचा, कुणाची तरुण पोरं तापलेली आहेत आणि त्यांना कोण समजावणार, हे बोलावं लागतं, बैठका घ्याव्या लागतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम मंडळींनी आपले जुलूस पुढे ढकलले आणि सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला केली. पुसेसावळीला अजून तीन आठवडेही झालेले नव्हते. ज्यांच्या माणसाचा जीव गेला होता, त्यांनी विसर्जनाच्या मिरवणुकीला वाट करून दिली. तुझ्या फोनवर याचं किती कौतुक फिरलं होतं?

'आपण मुळातच सहिष्णू' हे वाक्य मी वर्षानुवर्षं निबंधांत तपासलं आहे. ते बोलणाऱ्याला खरंच वाटत असतं. २०१९-२० मध्ये प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने भारतातल्या सुमारे ३०,००० लोकांना घरोघरी जाऊन प्रश्न विचारले. ८५ टक्के हिंदूंनी सांगितलं, की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे. आणि ३६ टक्के हिंदू म्हणाले, शेजारी मुसलमान नको. दोन्ही उत्तरं देणारी काही माणसं एकच असणार, हे आकड्यांवरूनच उघड आहे. आदर तोंडाने आणि नकार दारात. हे पुढच्या पत्रात तुला दिसेल, ते वाच.

त्यांच्यात सुधारणेचं बोलणारं कुणी आहे का, असं विचारतोस. आपल्याच भाषेत बोलणारे हमीद दलवाई होते. तोंडी तलाकच्या विरोधात १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आपल्याच लोकांचा रोष त्यांनी पत्करला. मुस्लिम वाचक कट्टरपणाबद्दल लिहितात तेव्हा मी त्यांना दलवाईंचंच नाव सांगते, त्यांना सोडत नाही. पण तू मला पत्र लिहिलंस हिंदू म्हणून, मग मी तुला साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची आठवण देणार. देवाला त्यांचा विरोध नव्हता, देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला होता. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. मी जप करणारी बाई, दाभोलकरांची बरीच मतं मला मान्य नव्हती. पण ज्या समाजात त्यांच्यासारख्याला गोळीने उत्तर मिळतं, त्याने आपला धर्म मुळातच सहिष्णू आहे असं म्हणून स्वस्थ बसावं, हे मला पटत नाही.

हिंदूंनाच का शिकवता? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हिंदू जवळजवळ ८० टक्के आणि मुसलमान साडेअकरा टक्के. ग्रामसभा, सोसायटीची कमिटी, गणपती मंडळ, शाळेची समिती, सगळीकडे आपली संख्या. आपण ठरवलं तर कुणाची गाडी लागते, आपण ठरवलं तर उठते. ज्याच्या हातात ठरवणं आहे, त्याच्याशी मी बोलते.

आणि त्या कमानीवरच्या अफजलखानाबद्दल, प्रतापगडाबद्दल, इतिहासाची शिक्षिका म्हणून. १० नोव्हेंबर १६५९ ला खानाच्या बाजूने वकील म्हणून आला होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत होता सिद्दी इब्राहिम. पुढे आरमारात दौलतखान होता. खानाच्या देहाचं दफन गडाच्या पायथ्याशी झालं, कबर आजही तिथे आहे. ज्या राजासाठी तुझं रक्त उसळतं, त्याच्या विश्वासातली माणसं कोण होती, ते नीट वाच. परीक्षा संपल्यावर कधी सांगलीला आलास तर घरी ये, माझ्याकडची पुस्तकं ने.

पत्र : सातारा

मॅडम, मी शिक्षिका आहे, नुकतीच बदली होऊन आले. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, माझ्यासोबत सहा वर्षांची मुलगी. खोली बघायला गेले की सगळं ठरतं, भाडंसुद्धा. मग आडनाव विचारतात आणि "घरच्यांना विचारून सांगतो" म्हणतात. पुन्हा फोन येत नाही. एका एजंटाने सुचवलं, आडनाव सांगूच नका, फक्त नाव सांगा, तुमचं नाव कळत नाही. मी काय करावं? सध्या एका सहकारी बाईंच्या घरी राहते, पण किती दिवस राहणार?

उत्तर

आडनाव लपवू नका. पुढे करार होताना आधार कार्ड द्यावंच लागेल, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात जाईल, आणि लेकीला घरात एक नाव आणि बाहेर दुसरं शिकवावं लागेल. सहा वर्षांच्या मुलीवर ते ओझं नको. घरमालकाने धर्म बघून नाही म्हणू नये असा स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे तक्रार करून खोली मिळेल अशी आशा तुम्हाला मी लावत नाही.

मला याचं फार वाईट वाटतं, आणि तेही साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच शहरात १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं तिथे एकत्र राहायची, एकत्र रांधून जेवायची. त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले, त्यांच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. त्या वसतिगृहातून शिकलेल्यांची नातवंडं आज या शहरात फ्लॅटचे मालक आहेत. त्यांच्यापैकी काही जण हे सदर वाचत असतील.

त्यांच्याशीच बोलते. साताऱ्यात शाळेच्या वेळा सांभाळून राहता येईल अशी एक खोली आणि स्वयंपाकघर हवं आहे. एक बाई आणि एक लहान मुलगी राहतील. पगार नियमित, पूर्वीच्या घरमालकाचं पत्र त्यांच्याकडे आहे, मी ते वाचलं आहे. पाण्याची वेळ, भाडं, अनामत रक्कम, सकाळी मुलीला सांभाळायला शेजारी कुणी आहे का, एवढं लिहून मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पाकिटावर 'सातारा खोली' असं लिहा. नकार द्यायचा असेल तर त्यासाठी पत्र पाठवू नका, नकार बाईंना पुरेसे मिळाले आहेत. होकाराची पत्रं संपादक आल्या दिवशीच त्यांच्याकडे पोचवतील, पुढच्या अंकाची वाट बघणार नाहीत.